सोमवारची बाई

साउथपोर्ट
२ ऑक्टोबर २००६, राखणदार देवदूतांचा सण

नोरीन,

वीस पौंडांची नोट सोबत आहे. दुकानात जाऊन ती विजेच्या मीटरच्या चावीत भर, म्हणजे वीज येईल, आणि दिवा लाव. अंधारात बसून पत्रं लिहू नकोस, तुझं अक्षर आधीच कोंबडीने उकरल्यासारखं आहे.

नोट पाठवली म्हणजे प्रश्न विचारणार नाही असं नाही. सत्तावन्न वर्षांत तू माझ्याकडे कधी एक पेनी मागितली नाहीस. तू विधवा झालीस तेव्हा डेसमंडच्या दफनानंतरच्या जेवणाचा खर्च मी दिला, तर तो तू आठवडाभरात पाकिटात घालून परत केलास. आणि आता वीस पौंड? मी तुझी मोठी बहीण आहे आणि बत्तीस वर्षं शाळेच्या कचेरीत खोट्या आजारपणाच्या चिठ्ठ्या वाचल्या आहेत. मला शेंडी लावायला जाऊ नकोस.

तुझ्या फुप्फुसांमुळे तुला सरकारी भत्ता मिळतो, आठवड्याला अठ्ठ्याहत्तर पौंड. घरभाडं नगरपालिका भरते. तू पीत नाहीस. मग पैसा जातो कुठे? बिंगो असेल तर सरळ सांग. बिंगो हे पाप नाही, नुसता मूर्खपणा आहे.

आणि हो, तारखेपुढे त्या दिवसाचा सण लिहायला विसरलीस. आपल्या शाळेतल्या सिस्टर बेनिग्ना असत्या तर पत्र न वाचता परत केलं असतं.

इमेल्डा


बूटल
९ ऑक्टोबर २००६, संत डेनिसचा सण (झालं समाधान?)

प्रिय इमेल्डा,

नोट मिळाली. दिवा लागला. देव तुझं भलं करो, आणि तुझी जीभ जरा कमी धारदार करो.

बिंगो नाही गं. मागच्या वर्षी धुण्याचं यंत्र बंद पडलं. चादरी हातानं पिळायला गेले की मला धाप लागते. बँक आमच्यासारख्यांना दारातही उभं करत नाही. तेव्हा आमच्या गल्लीत एक बाई येते, घरपोच कर्ज देणारी, तिच्याकडून तीनशे घेतले. आठवड्याला नऊ पौंड, छप्पन्न आठवडे. ती दर सोमवारी अकराला येते, मी पोस्टातून भत्ता काढून आणला की लगेच. वहीत लिहून घेते, सही करते. मग जुलैत चूल गेली, म्हणून पुन्हा थोडे घेतले. आता आठवड्याला पंधरा जातात, एवढंच.

बाई भली आहे. चहा घेते, अर्धा तास बसते. कधी क्रीमचा केक आणते. डेसमंडचं नाव घेऊन बोलणारं तिच्याशिवाय आता कोण राहिलंय?

तू काळजी करू नकोस. समुद्राची हवा खा.

तुझी नोरीन


साउथपोर्ट
१३ ऑक्टोबर २००६, राजा संत एडवर्डचा सण

नोरीन,

नऊ गुणिले छप्पन्न म्हणजे पाचशे चार. तीनशे घेऊन पाचशे चार! तुला गणित शिकवणाऱ्या त्या बिचाऱ्या सिस्टर थडग्यात कूस बदलत असतील.

आणि "एवढंच" म्हणजे काय? पंधरा पौंड म्हणजे तुझी आठवड्याची भाजी, पाव आणि वीज. ती तुझ्या घरात बसून तुझा चहा पिते, तुझं कोळशासारखं काळं पडलेलं नशीब बघते आणि वर तुझे पंधरा पौंड उचलून नेते, आणि तू म्हणतेस भली! केक आणते म्हणे. केकचे पैसे कुणाचे गं?

जुलैत "थोडे" म्हणजे किती ते लिहिलं नाहीस. म्हणजे आकडा वाईट आहे. अशा कर्जवाल्यांचं मला सगळं माहीत आहे. ही बाई पुढे असणार, मागे कुणीतरी सोन्याची साखळी घातलेला, कुत्रा बाळगणारा गडी असणार. त्याला सांग, नोरीन हॅलिगनला बहीण आहे.

कागद पाठव. सगळे. वही, करार, चिठ्ठ्या, जे जे तिने तुझ्याकडून सही करून घेतलं ते. आणि तिचं नाव लिही.

तुझा नाताळ त्या बाईच्या पिशवीत जाऊ देणार नाही. नाताळाआधी असली माणसं आणखी एक कर्ज गळ्यात मारायला येतात, हे मी वर्तमानपत्रात वाचलं आहे. एकदा तेही घेतलंस की मरेपर्यंत सुटणार नाहीस, आणि तुझ्या फुप्फुसांकडे बघता ते फार लांब नाही. हे मी रागाने लिहीत नाही. म्हणजे, रागानेच लिहिते आहे.

इमेल्डा


बूटल
२१ ऑक्टोबर २००६, संत उर्सुलाचा सण

प्रिय इमेल्डा,

बिस्किटांच्या डब्यात होते तेवढे कागद सगळे उचलून पाकिटात कोंबले आहेत. काय कामाचं, काय नाही, मला कळत नाही. तूच निवड.

जुलैचा आकडा पाचशे. पण हातात आले दोनशे अठ्ठेचाळीस, कारण जुन्याचे राहिलेले तिने त्यातूनच वळते केले. फेडायचे आठशे चाळीस. आता ओरड.

खरं सांगते, कधीकधी पंधरा नसतात. मग सोमवारी अकराला मी टीव्ही बंद करते, पडदे ओढते आणि सोफ्याच्या मागे जमिनीवर बसते. आमच्या गल्लीत सगळ्याच बसतात. समोरच्या मॅजला तर खोकला आला तेव्हा तिने तोंडात उशी कोंबली. ती बाई दार वाजवते, दारातल्या पत्रं टाकायच्या फटीतून हाक मारते, "नोरीन, लाडके, मी आहे गं." सोफ्यामागे बसून ते ऐकायचं म्हणजे... जाऊ दे.

नाव विचारलंस. तू चिडणार म्हणून लिहीत नव्हते. डोलोरेस टिअरनी. हो, आपलीच डोलोरेस, तुझ्या वर्गातली. गडी नाही, साखळी नाही, कुत्रा नाही. तिच्याकडे एक मांजर आहे.

नाताळासाठी सातशे देते म्हणाली आहे. अजून हो म्हटलं नाही.

नोरीन


साउथपोर्ट
२५ ऑक्टोबर २००६, चाळीस हुतात्म्यांचा सण

नोरीन,

डोलोरेस टिअरनी!

मी पत्र खाली ठेवलं, टोपी घातली आणि धक्क्याच्या टोकापर्यंत चालत गेले. परत आले आणि थेट वाचनालयात गेले.

तू तेव्हा सहा वर्षांची होतीस, तुला आठवणार नाही. १९५५, बाबांचं गोदीतलं काम संपामुळे बंद. शाळेत प्रत्येकीकडे धर्मकार्याच्या वर्गणीचं कार्ड असायचं, चौकोन आखलेलं. दर शुक्रवारी एक पेनी दिली की टाचणीने एका चौकोनात भोक. डबा आणि टाचणी कुणाच्या हातात? डोलोरेसच्या. सिस्टर बेनिग्नांची लाडकी! सहा शुक्रवार माझ्याकडे पेनी नव्हती. सहा शुक्रवार तिने माझं कार्ड वर धरून उजेडात फिरवलं आणि सगळ्या वर्गाला म्हणाली, "इमेल्डाच्या कार्डातून काहीच दिसत नाही." वर्ग हसला. मी उभी. बाई, मी अजून उभी आहे.

आता नीट वाच.

या देशात कायदा आहे. कुणाच्या घरी जाऊन रोख कर्ज गळ्यात मारता येत नाही. घरातल्या माणसाने आधी लेखी मागितलं पाहिजे, सहीनिशी, तारखेनिशी. मगच, वेगळ्या दिवशी, कर्जवाल्याने कर्ज घेऊन उंबरा ओलांडायचा. मी वाचनालयात दोन दिवस बसून हे शोधलं. म्हणून तुझ्या कागदांत ती छोटी गुलाबी चिठ्ठी आहे: "मला कर्ज हवे आहे, कृपया घरी यावे." खाली तुझी सही. त्याखाली डोलोरेसची सही: "माझ्यासमोर, अर्जदाराच्या घरी." तारीख २६ जुलै २००६; करारावरची मात्र ३१ जुलै, सोमवार.

आणि त्याच पाकिटात, करार आणि वीजबिलाच्या मधे अडकून आलेलं, बहुधा तुझ्या नकळत, एक पोस्टकार्ड. चित्रात लूर्दच्या तीर्थातली गुहा, मेणबत्त्या; मागे फ्रान्सचा शिक्का. शेजारी डोलोरेसचं गोलगोल अक्षर: "२६ जुलै, संत अ‍ॅनचा सण. नोरीन लाडके, आज गुहेपाशी तुझ्या छातीसाठी प्रार्थना केली आणि डेसमंडसाठी मेणबत्ती लावली. सोमवारी येतेच."

एकाच दिवशी ती लूर्दला गुडघ्यांवर होती आणि बूटलला तुझ्या सोफ्यावर! असा चमत्कार लूर्दलाही झाला नसेल.

चिठ्ठीवर तारीख टाकताना तिने पाच दिवस मागची टाकली आणि आपण तेव्हा कुठे होतो ते विसरली. पण पोस्टकार्डावर? तिथे हाताला सवय. तारीख आली की सण आलाच. सिस्टर बेनिग्नांनी लावलेली शिस्त अर्धशतकाने कामाला आली.

करारावर नाव असलेल्या कर्जकंपनीला पत्र गेलं. व्यापार तपासणी कचेरीला गेलं. दोन्हींच्या प्रती एकमेकांना, म्हणजे कुणी झोपायला नको. नाताळाच्या सातशेंना हो म्हणू नकोस. सोमवारी आली तर हप्ता दे, चहा दे, चेहरा सरळ ठेव.

इमेल्डा


बूटल
२२ नोव्हेंबर २००६, संत सेसिलियाचा सण

मिस इमेल्डा रॅफर्टी,

तुमचं पत्र कंपनीने मला वाचून दाखवलं. तीन माणसं समोर बसली होती, त्यातलं सगळ्यात मोठं माझ्या मुलीपेक्षा लहान. भाषा उत्तम होती, अभिनंदन. एकोणीस वर्षांची नोकरी वीस मिनिटांत गेली. वही, पिशवी, ओळखपत्र, सगळं टेबलावर ठेवून घेतलं. नोरीनच्या गल्लीतल्या अकरा घरांच्या चिठ्ठ्या आता तपासायला काढल्या आहेत.

मी तारीख खोटी टाकली. बरं. सगळेच टाकतात. कंपनीला माहीत असतं आणि माहीत नसतं. वसूल झालेल्या प्रत्येक पौंडामागे मला काही पेन्या मिळायच्या, वसूल नाही झाले तर काही नाही. माझी गाडी, माझं पेट्रोल. मी राणीच्या महालात राहते असं तुम्हाला वाटत असेल.

पण एक विचारते. साउथपोर्टहून बूटलला गाडीने चाळीस मिनिटं लागतात. तुम्ही शेवटच्या कधी आलात? डेसमंडच्या दफनाला. चार वर्षं झाली.

या जानेवारीत नोरीन स्वयंपाकघरात रविवारी रात्री पडली. सोमवारी अकरापर्यंत फरशीवर होती. मी दार वाजवलं, हाक मारली. सोफ्यामागे बसली असेल म्हणून निघणार होते. मग फटीतून पाहिलं तर तिचा पाय दिसला. रुग्णवाहिका मी बोलावली. नऊ दिवस ती इस्पितळात होती, झोपायचा झगा माझा होता. तुम्ही तेव्हा कुठे होता? समुद्राची हवा खात होता.

सोमवारी दार वाजवणारं दुसरं कुणी तुम्ही तिला शोधून ठेवलं असेल, अशी आशा करते.

आणि ते शाळेतलं कार्ड; हे सगळं त्याच्यासाठीच ना? मला वाटलं होतं तुम्ही पन्नास वर्षांत ते विसरला असाल. मी नाही विसरले. माझ्या हातात टाचणी होती, कारण ज्यांच्याकडे डबा असतो त्यांना पेनी द्यावी लागत नसे. आमच्याही घरी पेनी नव्हती.

डोलोरेस टिअरनी


साउथपोर्ट
२४ नोव्हेंबर २००६
(सण शोधला नाही)

नोरीन,

आधी आनंदाचं. कंपनीचं पत्र आलं आहे, सोबत प्रत पाठवते. उरलेलं सगळं कर्ज रद्द. तुला एक पेनी देणं नाही. "झालेल्या गैरसोयीबद्दल खेद." गैरसोय! त्या शब्दासाठी मी त्यांना आणखी एक पत्र लिहिलं आहे. डोलोरेसला काढलं. हे वाचून मी शेरीची बाटली उघडली, एकटीने ग्लास वर केला आणि मोठ्याने म्हणाले, "घे, आता दिसतंय का कार्डातून?"

दुसऱ्या दिवशी तिचं पत्र आलं.

तू जानेवारीत मला लिहिलं होतंस, "जरा खोकला होता, आता बरा आहे." एवढंच. पूर्ण रात्र फरशीवर पडली होतीस हे मला माझ्या वैरिणीकडून कळावं? हे खरं आहे का? झग्याचं खरं आहे का?

मी चार वर्षं आले नाही. माझ्याकडे कारणं होती. गुडघा होता, चर्चच्या मंडळाच्या सभा होत्या. कारणं लिहायला बसले तर कागद पुरत नाही, आणि लिहून वाचली तर एकही टिकत नाही. तुझ्या त्या घरातली ओल आणि डेसमंडची रिकामी खुर्ची मला बघवत नव्हती. ही खरी गोष्ट. ती लिहायला मला तीन कागद फाडावे लागले.

मी तुझी एकुलती एक मैत्रीण तुझ्यापासून तोडली का? सरळ उत्तर दे. आणि मी यायला हवी आहे का, तेही.

इमेल्डा


बूटल
४ डिसेंबर २००६, संत बार्बराचा सण

प्रिय इमेल्डा,

आज सोमवार आहे, म्हणून आजच लिहिते.

फरशीचं खरं आहे. झग्याचंही खरं आहे, निळा होता, फुलांचा. पण तिने अर्धंच लिहिलं. इस्पितळात मधे एक सोमवार आला. त्या दिवशीही ती अकराला आली, एका हातात झगा, दुसऱ्या हातात वही. नळी माझ्या नाकात होती. म्हणाली, "नोरीन लाडके, पाकीट कपाटात आहे का? मीच काढते, तू उठू नकोस." नऊ पौंड काढले, सही केली, उशी नीट केली, कपाळावर हात फिरवला. दोन्ही खरं होतं गं. तेच तर.

आणि पोस्टकार्ड माझ्या नकळत आलं असं तुला वाटतं? इमेल्डा, माझी फुप्फुसं गेली आहेत, डोळे नाहीत.

लूर्दहून आली त्या सोमवारी तिने मला चुलीची आठवण करून दिली, पाचशे काढले, चिठ्ठ्या पुढे केल्या. सही मी केली, तारीख तिने टाकली. प्रत माझ्याकडे राहिली. मग म्हणाली, "आणि मेणबत्तीचे तीन पौंड." मला वाटलं चेष्टा. चेष्टा नव्हती. डेसमंडसाठी लावलेल्या मेणबत्तीचे तीन पौंड तिने त्या दिवशीच्या हप्त्यात धरले. मी दिले. दार लावलं आणि चिठ्ठी पोस्टकार्डाशेजारी धरली. २६ जुलै आणि २६ जुलै, दोन्हीकडे संत अ‍ॅनचा दिवस.

त्या दिवसापासून पोस्टकार्ड मी शेकोटीवरच्या फळीवर उभं ठेवलं, शिक्का आणि तारीख खोलीकडे करून. दार उघडलं असे आठ सोमवार ती त्याच्यासमोर बसली. आठ सोमवार माझा चहा प्यायली. एकदा म्हणाली, "अजून ठेवलंस? किती गोड आहेस!"

मी तक्रार का नाही केली? भत्त्यावरच्या बाईचं पत्र कोण वाचतं? ते वाचायला बसतात तेव्हा आधी भत्ताच तपासतात. तुझी पत्रं मात्र बिशपसुद्धा उभं राहून वाचतात. म्हणून तुझ्याकडे वीस पौंड मागितले. वीज होती तशी, दोन दिवस पुरेल एवढी. पण नुसतं "ये" लिहिलं असतं तर आली असतीस? पैसे मागितले की तू चौकशी करणार हे मला माहीत होतं. पहिल्या पत्रात डोलोरेसचं नाव लिहिलं असतं तर तू थेट तिच्या दारात जाऊन भांडली असतीस आणि सगळं वाया गेलं असतं. आधी तुला नीट तापू दिलं.

तेव्हा मैत्रीण तू तोडली नाहीस. मी तोडली, तुझ्या हाताने.

आता आजचं ऐक. अकराला दार वाजलं. वही नाही, पिशवी नाही, तरी अकराच. मी पडदे सताड उघडले होते. खुर्ची ओढून खिडकीत बसले, टीव्ही मोठ्याने लावला, किटली शेजारी. ती खिडकीशी आली, मी कप उचलून दाखवला. मग ती फटीपाशी वाकली.

"नोरीन, दिसतेयस मला."

"दिसू दे. त्यासाठीच उघडलेत पडदे."

"वही नाही आणलेली गं."

"माहितीय. ठेवून घेतली ना त्यांनी?"

"नदीवरनं वारा कसला कापतोय. एक कप चहा तरी दे. एकोणीस वर्षं या गल्लीत येतेय मी."

"लेखी विनंती आणलीस?"

"काय?"

"विनंती, डोलोरेस. आधी लेखी मागायचं, सहीनिशी, तारखेनिशी. मगच उंबरा. कायदा आहे."

समोर मॅजचा पडदा हलला. मॅज हसत होती, उघड उघड, उशीशिवाय. डोलोरेस दिसेनाशी झाली. मला वाटलं गेली. मग फट उघडली आणि एक पाकीट आत पडलं, गॅसच्या बिलाचं, मागे लिहिलेलं: "मी, डोलोरेस टिअरनी, नोरीन हॅलिगन यांच्या घरी एक कप चहा मिळावा अशी विनंती करते. ४ डिसेंबर, संत बार्बराचा सण." खाली सही. तारीख या वेळी खरी.

मी चष्मा लावून दोनदा वाचलं. म्हटलं, "अर्ज मिळाला. विचार करून कळवण्यात येईल. पुढच्या सोमवारी चौकशी कर."

तिने फट सोडली. मग कोट आवळून गेली. माझा दुसरा कप फार गोड लागला, साखर न घालता.

दुपारी मी बिस्किटांच्या खोक्याचा पुठ्ठा कापला आणि चौकोन आखले. छप्पन्न. ती एक सोमवार दारात उभी राहिली की एक भोक. कार्ड भरलं की आत घेईन, केकसुद्धा देईन. ती येत राहील, मला माहीत आहे. तिलाही सोमवारी जायला दुसरं दार नाही.

तुझा प्रश्न राहिला, यायचं की नाही. नियम सगळ्यांना सारखा. लेखी विनंती कर, सही, तारीख आणि सण. मागच्या पत्रात सण नव्हता, म्हणून ते धरत नाही. तुझा अर्ज मात्र त्याच टपालाने मंजूर होईल. सोमवारी साडेदहापर्यंत पोच, म्हणजे खिडकीतली दुसरी खुर्ची मिळेल. डेसमंडची आहे, बसायला चांगली आहे.

येताना टाचणी घेऊन ये. पहिलं भोक मी पाडलं, पण पन्नास वर्षं उभी तू होतीस. उरलेली पंचावन्न तुझी.

नोरीन